सहावा महिना : उशिराच्या गर्भपाताविषयी ख्रिस्तसभा काय शिकवते?



मिस्सा संपल्यावर, घरभेटीत किंवा फोनवर एक प्रश्न मला अधूनमधून विचारला जातो. विचारणाऱ्याचा आवाज त्या वेळी खाली गेलेला असतो. "फादर, पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळात दोष दिसला तर काय करायचं?" कधी प्रश्न स्वतःचा असतो, कधी 'ओळखीच्या एका बाईचा'. चर्चच्या पायरीवर उभ्याउभ्या त्याचे उत्तर देता येत नाही. दिलेच तर ते बहुधा कठोर होते, नाहीतर अर्धवट राहते. म्हणून आज हा विषय सविस्तर घेत आहे. लेख थोडा लांब आहे. घरी नेऊन पतिपत्नींनी एकत्र वाचावा, अशी विनंती.

आपल्या भाषेत गरोदर स्त्रीला 'दोन जिवांची' म्हणतात. हा शब्द कोणा धर्मगुरूने किंवा वकिलाने बनवलेला नाही, आपल्या आज्यापणज्यांनी तो वापरात आणला. 'जड वस्तू उचलू नको, तू दोन जिवांची आहेस' असे सासू सुनेला सांगते तेव्हा तिने अर्धे धर्मशिक्षण शिकवलेलेच असते. उशिराच्या गर्भपाताचा सारा वाद या दोन जिवांचा आहे. जो वाद घालणारा त्यांपैकी एकच जीव पाहतो, त्याचे उत्तर चुकते.

१. कायदा काय सांगतो?

१९६४ साली केंद्र सरकारने गर्भपाताच्या प्रश्नावर एक समिती नेमली. महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतीलाल शाह तिचे अध्यक्ष होते. चोरून होणाऱ्या गर्भपातांत बायका मरत होत्या, ही त्या समितीपुढची मोठी चिंता होती. तिच्या शिफारशींवरून १९७१ साली वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो लागू झाला. त्यात २० आठवड्यांची मर्यादा होती.

२०२१ साली कायदा बदलला व २४ सप्टेंबर २०२१ पासून नवी तरतूद लागू झाली. आता २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचे मत पुरते. २० ते २४ आठवड्यांच्या दरम्यान दोन डॉक्टरांचे मत लागते, आणि ती सवलत ठरावीक गटांतील स्त्रियांनाच आहे : बलात्कारपीडित, अल्पवयीन, गरोदरपणात विधवा किंवा घटस्फोटित झालेली, अपंग किंवा मनोरुग्ण स्त्री, गर्भात गंभीर दोष असलेली, आणि आपत्तीच्या परिस्थितीत सापडलेली. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही ही सवलत दिली. २४ आठवड्यांनंतर केवळ गर्भातील गंभीर दोषासाठी, वैद्यकीय मंडळाच्या संमतीने परवानगी मिळते. आईचा जीव वाचवण्यासाठी तातडीची गरज असेल तर आठवड्यांची मर्यादा नाही. यात न बसणाऱ्यांना न्यायालयात जावे लागते. आपल्या अमरावती-अकोल्यातून असा अर्ज मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे जातो.

हे सांगण्याचे कारण एवढेच, की कायद्याने परवानगी दिली म्हणजे ते कृत्य योग्य झाले असे होत नाही. कायदा मर्यादेची रेघ ओढतो, कारण त्याला कुठेतरी ओढावीच लागते. ती रेघ २० वरून २४ वर आली. या चार आठवड्यांत गर्भातले बाळ बदलले नाही, आपला निर्णय बदलला.

२. गर्भपात उशिरा का होतो?

पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत थांबून मग कोणतीही आई हौसेने गर्भपाताला जात नाही. उशीर होण्याची कारणे पाहिली पाहिजेत, कारण त्यांतली काही आपल्या हातातली आहेत.

पहिले कारण वैद्यकीय आहे. बाळाचे हृदय, मेंदू, पाठीचा कणा यांची तपासणी साधारण १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीत होते. शंका आली की मोठ्या शहरात पाठवतात. धारणी-चिखलदऱ्याकडच्या बाईने अमरावती गाठायची, तिथून नागपूर गाठायचे, पैसे जमवायचे, अहवालाची वाट पाहायची. यातच आठवडे निघून जातात.

दुसरे कारण भीती. अल्पवयीन मुलीवर अत्याचार झालेला असतो. तिला काय घडले ते सांगता येत नाही, घरच्यांना ओटीपोट दिसेपर्यंत कळत नाही, आणि कळल्यावर 'लोक काय म्हणतील' म्हणून आणखी दिवस दडवले जाते. जानेवारी २०२२ मध्ये आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील आर्वी येथे काय उघड झाले ते आपण विसरलो नसू. १३ वर्षांच्या एका मुलीचा सुमारे पाचव्या महिन्यात बेकायदेशीर गर्भपात झाल्याची तक्रार आली. तपास करताना एका खासगी रुग्णालयाच्या आवारातील बायोगॅसच्या खड्ड्यात पोलिसांना अर्भकांच्या ११ कवट्या व ५४ हाडे सापडली.

तिसरे कारण सर्वांत लाजिरवाणे, ते म्हणजे मुलगी नको. मुलगा की मुलगी हे सोनोग्राफीत कळेपर्यंत बरेच आठवडे उलटलेले असतात, म्हणून असे गर्भपात बहुधा उशिराच होतात. लिंगनिदानावर १९९४ च्या कायद्याने बंदी आहे. तरीही महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटात दर हजार मुलांमागे मुली १९९१ साली ९४६ होत्या, २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४. मार्च २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथे गर्भपातात एका विवाहितेचा मृत्यू झाला आणि पुढे ओढ्याकाठी पुरलेली १९ अर्भके सापडली. 'पिशवी साफ केली' असे आपण सहज म्हणतो. त्या पिशवीत कोण होते, हे म्हैसाळच्या ओढ्याने सांगितले.

३. ख्रिस्तसभेची शिकवण

पहिल्या पिढ्यांपासून ख्रिस्तसभेने गर्भपात नाकारला आहे. प्रेषितांच्या काळाला लागून असलेल्या 'डिडाखे' या छोट्या पुस्तकातही त्याला स्पष्ट मनाई आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली, आणि पोप जॉन पॉल दुसरे यांनी 'जीवनाचे शुभवर्तमान' या २५ मार्च १९९५ च्या परिपत्रकात तीच शिकवण ठामपणे मांडली. निरपराध माणसाचा जाणूनबुजून, थेट जीव घेणे हे कधीच योग्य असू शकत नाही. गर्भातील बालक निरपराध आहे आणि माणूसही आहे.

इथे तत्त्वज्ञान वाचलेले लोक एक आक्षेप घेतात व तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. संत थॉमस अक्वायनस यांनी ॲरिस्टॉटलच्या मागे जाऊन मानले होते, की मानवी आत्मा गर्भात पहिल्या दिवसापासून नसतो, काही आठवड्यांनी येतो. हे खरे आहे. पण दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. संत थॉमस यांना स्त्रीबीज ठाऊक नव्हते, सस्तन प्राण्यांचे बीज १८२७ साली प्रथम पाहिले गेले. आणि आत्म्याविषयी तसे मत असूनही कोणत्याही टप्प्यावरचा गर्भपात त्यांनी पापच मानला. १९७४ साली रोमने यावर सांगितले, की आत्मा नेमका कधी येतो हा वाद बाजूला ठेवला, तरी नुसत्या शंकेच्या आधारावर जीव घेण्याचा धोका पत्करता येत नाही. तुरीच्या उभ्या पिकात रात्री काही हलले. रानडुक्कर असेल, कदाचित माणूसही असेल. खात्री नसताना कोणता शेतकरी बंदूक चालवील?

आणि उशिराच्या गर्भपाताच्या बाबतीत तर ही शंकाही उरत नाही. सहाव्या महिन्यातले बाळ लाथा मारते, आवाजाने दचकते. सातव्या महिन्यात आपण डोहाळजेवण करून त्याचे कौतुक करतो. त्याच वयाची, वेळेआधी जन्मलेली बाळे नवजात अतिदक्षता विभागात वाचवली जातात.

आता लूककृत शुभवर्तमानाचा पहिला अध्याय काढा. देवदूत मरियेला सांगतो, की अलीशिबेला सहावा महिना लागला आहे. मरिया घाईने डोंगराळ भागात तिच्या घरी जाते. तिचा आवाज ऐकताच अलीशिबेच्या उदरातील बाळ आनंदाने उसळते. त्या दारात चौघे जण उभे आहेत. दोघांना जग पाहू शकते. योहान सहा महिन्यांचा आहे, म्हणजे आज न्यायालये ज्या वयावर वाद घालतात नेमक्या त्या वयाचा. आणि प्रभू येशू काही दिवसांचा आहे. शुभवर्तमान एकाला मोठा आणि दुसऱ्याला नगण्य म्हणत नाही. सहा महिन्यांचा काही दिवसांच्या प्रभूला ओळखतो. म्हणूनच आपण नाताळाच्या बरोबर नऊ महिने आधी, २५ मार्चला, देवदूताच्या निरोपाचा सण पाळतो.

४. कठीण प्रसंग

तत्त्व समजायला सोपे आहे, ते कोणाच्या तरी घरात उतरते तेव्हा कठीण होते.

*आईचा जीव धोक्यात असेल तर?* याविषयी आपल्या लोकांत मोठा गैरसमज आहे, म्हणून नीट वाचा. आईला मरू द्यावे असे ख्रिस्तसभा शिकवत नाही. आईच्या गंभीर आजारावर आवश्यक आणि न टाळता येणारा उपचार करता येतो, त्यात बाळ वाचणार नाही हे दिसत असले तरी. गर्भाशयाचा कर्करोग हे त्याचे नेहमीचे उदाहरण. तसेच बाळ बाहेर जगू शकेल अशा वयाचे झाल्यावर, रक्तदाब वाढून आईला झटके येण्याची भीती असेल, तर वेळेआधी प्रसूती करण्यात काही गैर नाही. फरक हेतूत आणि कृतीत आहे. उपचार आजारावर होतो, हल्ला बाळावर होत नाही.

ही शिकवण नीट न समजल्यास काय होते, याची आठवण आपल्या सीमेवरच्या बेळगावच्या एका घराला आहे. दंतवैद्य असलेली सविता हलप्पनवार आयर्लंडमध्ये २८ ऑक्टोबर २०१२ रोजी मृत्यू पावली. तिचे गरोदरपण १७ आठवड्यांचे होते आणि गर्भपात आपोआप होणार हे डॉक्टरांना दिसत होते. तिने गरोदरपण संपवण्याची विनंती केली, पण बाळाचे ठोके चालू असल्यामुळे ती नाकारली गेली. जंतुसंसर्ग रक्तात पसरला व ती गेली. पुढच्या चौकशीत, संसर्ग वेळीच ओळखला गेला नाही आणि तिच्यावर पुरेसे लक्ष ठेवले गेले नाही, असे निष्पन्न झाले. तिचा पती म्हणाला, की हा कॅथलिक देश आहे असे उत्तर त्यांना मिळाले होते. मे २०१८ मध्ये सार्वमताने आयर्लंडने गर्भपातबंदीची घटनात्मक तरतूद काढून टाकली. आपण यातून काय शिकावे? आजारी आईवर उपचार करायला कचरणे हा जीवनाचा आदर नव्हे. विश्वासाचे नाव घेऊन तसे कोणी केले, तर आपल्या विश्वासालाही बट्टा लागतो.

*बाळात गंभीर दोष असेल तर?* २००८ साली मुंबईतील एक दांपत्य आणि त्यांचे डॉक्टर निखिल दातार उच्च न्यायालयात गेले. २४ व्या आठवड्यात बाळाच्या हृदयात गंभीर दोष दिसला होता. ४ ऑगस्ट २००८ रोजी परवानगी नाकारली गेली, आणि काही दिवसांतच त्या मातेचा गर्भ आपोआप पडला. देशभर वाद झाला. कायदा बदलण्याची मागणी खरी तेव्हापासून जोर धरू लागली. त्या आईबापांना राक्षस ठरवणारे तेव्हा पुष्कळ होते. ते राक्षस नव्हते. आपल्यानंतर या लेकराला कोण पाहील, हा त्यांच्यासारख्या प्रत्येक आईबापाचा प्रश्न असतो, आणि तो खरा आहे.

ख्रिस्तसभेचे उत्तर असे : आजारी म्हणून माणसाचा जगण्याचा हक्क कमी होत नाही. जन्मलेल्या अपंग लेकराला आपण मारत नाही, तर दोन महिने आधी तेच लेकरू वेगळे कसे? पण त्याच वेळी ख्रिस्तसभा हेही शिकवते, की मरणाला टेकलेल्या बाळाला नळ्या-यंत्रांत कसेही करून गुंतवून ठेवलेच पाहिजे असे नाही. कवटी व मेंदू न घडलेले बाळ काही तासच जगणार असेल, तर त्याला उबेत, आईच्या कुशीत, नाव घेऊन जगू द्यावे आणि जाऊ द्यावे.

*२०२३ चा प्रसंग.* ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे २६ आठवड्यांची गरोदर विवाहित स्त्री आली. तिला आधीची दोन मुले होती, बाळंतपणानंतरच्या मानसिक आजारावर तिचे उपचार चालू होते, आणि आपल्याला दिवस गेलेत हे तिला उशिरा कळले होते. ९ ऑक्टोबरला परवानगी मिळाली. मग दिल्लीच्या एम्समधील डॉक्टरांनी विचारले, की बाळ जिवंत जन्मण्याची शक्यता आहे, तर आधी त्याचे हृदय थांबवायचे का? दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला व १६ ऑक्टोबरला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने परवानगी नाकारली.

डॉक्टरांचा तो प्रश्न सगळ्या वादाचा गाभा आहे. तिसऱ्या महिन्यात गरोदरपण संपवणे आणि बाळाचा जीव जाणे यांत अंतर नसते. सहाव्या महिन्यानंतर ही दोन वेगळी कामे होतात. गरोदरपण प्रसूतीनेही संपते. बाळ जगू नये म्हणून काहीतरी वेगळे करावे लागते. ते 'वेगळे काहीतरी' काय आहे, हे स्पष्ट शब्दांत विचारले गेले तेव्हा देशाचे सर्वोच्च न्यायालयही थबकले.

*अत्याचारातून गरोदरपण आले तर?* एप्रिल २०२४ मध्ये मुंबईच्या १४ वर्षांच्या एका मुलीचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. तिला जवळपास ३० आठवडे झाले होते. उच्च न्यायालयाने नकार दिला होता. २२ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात गर्भपाताची परवानगी दिली. पुढे धोक्याच्या काळजीने आईवडिलांचे मन बदलले, त्यांना प्रसूतीच हवी होती, आणि २९ एप्रिलला न्यायालयाने आपला आदेश मागे घेतला. खर्च रुग्णालयाने करावा आणि कुटुंबाला बाळ दत्तक द्यायचे असल्यास शासनाने व्यवस्था करावी, असेही सांगितले.

अत्याचार करणाऱ्याचे पाप त्या मुलीचे नाही, तसेच तिच्या पोटातल्या बाळाचेही नाही. ही शिकवण मी बदलू शकत नाही. पण १४ वर्षांच्या मुलीला ही शिकवण एका वाक्यात ऐकवून जो घरी निघून जातो, त्याने तिच्यावर दुसरा अन्याय केला असे मी म्हणेन.

५. दुसऱ्या बाजूचे म्हणणे

अमेरिकन तत्त्वज्ञ ज्युडिथ जार्विस थॉमसन यांनी १९७१ साली एक युक्तिवाद मांडला. गर्भ हा माणूस आहे असे मान्य केले, तरी एका माणसाला जगवण्यासाठी दुसऱ्याने आपले शरीर नऊ महिने वापरू द्यावे अशी सक्ती कोणी करू शकते का? आपली न्यायालयेही स्त्रीची प्रतिष्ठा आणि शरीरावरचा हक्क यांविषयी बोलतात, ते याच दिशेने.

हा युक्तिवाद हसून उडवण्यासारखा नाही. आईपण हा भार आहे, आणि तो तिच्या एकटीच्या शरीरावर पडतो, हे त्यात खरे आहे. बाप, सासर, शेजार, धर्मग्राम यांपैकी कोणीही तो भार वाटून घेत नसेल, तर तिला ती सक्तीच वाटणार. पण पोटातले लेकरू वाटेवर भेटलेला परका नव्हे. आणि वर पाहिले तसे, उशिराच्या काळात शरीर मोकळे करून घेणे व लेकराचा जीव घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा हक्क मान्य केला तरी दुसरीचा हक्क त्यातून निघत नाही.

६. वझ्झरची साक्ष

'आमच्यानंतर याला कोण पाहील?' या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात नाही. ते आपल्या जिल्ह्यात, परतवाड्याजवळ वझ्झर गावात आहे. संत गाडगेबाबांच्या विचारांचे शंकरबाबा पापळकर यांनी तिथे बेवारस अपंग मुलांसाठी आश्रम उभा केला. रेल्वे स्टेशनवर, बसस्थानकावर, कचरापेटीत टाकून दिलेली अंध, मूकबधिर, मतिमंद लेकरे तिथे आली. शंभराहून अधिक मुलांना त्यांनी बाप म्हणून आपले नाव दिले. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर अशा मुलांना संस्थेबाहेर काढू नये, म्हणून ते शासनाशी भांडत राहिले. जळगावच्या स्टेशनवर टाकून दिलेली एक अंध मुलगी तिथे वाढली आणि २०२४ साली राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली. त्याच वर्षी पापळकर यांना पद्मश्री जाहीर झाली.

ते ख्रिस्ती नाहीत. आपण मात्र दर रविवारी सर्वांत लहानांविषयीचे शुभवर्तमान ऐकतो. हे लिहिताना मला स्वतःचीच लाज वाटते, कारण गर्भपाताविरुद्ध मी दिलेली प्रवचने मोजता येतील, पण अपंग लेकराच्या आईवडिलांसाठी मी घालवलेल्या दुपारी फारच थोड्या आहेत.

७. मग आपण काय करावे?

मरियेने अलीशिबेला अभिवादन केले आणि ती परत फिरली, असे लूक सांगत नाही. ती सुमारे तीन महिने तिथे राहिली. सहा अधिक तीन म्हणजे नऊ. बाळंतपणाची वेळ येईपर्यंत ती पाणी भरत, स्वयंपाक करत, हातपाय चेपत त्या घरात होती. सहाव्या महिन्यातील बाळ माणूस आहे असे म्हणणाऱ्याने पुढचे तीन महिने त्या घरी जावे लागते. आपल्या धर्मग्रामासाठी म्हणून काही गोष्टी :

• घरात कोणाच्या अहवालात दोष आला, तर एकट्याने निर्णय घेऊ नका. माझ्याकडे या. मी रागावणार नाही. नागपूर-मुंबईला तपासणीसाठी जायचे असेल तर भाड्याची, मुक्कामाची, सोबतीची व्यवस्था आपण मिळून करू.

• महिला मंडळाला विनंती, की डफरीन व अकोल्याच्या लेडी हार्डिंग रुग्णालयात आपल्या भागातली बाई अडली असेल, तर डबा आणि सोबत द्यावी.

• मुलगी झाली म्हणून सुनेला बोलणाऱ्या सासूने आणि गप्प बसणाऱ्या मुलाने पापनिवेदनात तेही सांगावे.

• लहान मुलीवर अत्याचाराची शंका आली, तर १०९८ या क्रमांकावर त्याच दिवशी कळवा. दडवलेला प्रत्येक आठवडा तिच्याच अंगावर येतो.

• बाळ सांभाळणे खरोखर अशक्य असेल, तर ते जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे कायदेशीररीत्या सोपवता येते. फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. यात लाज नाही.

• बाळ जन्मताच दगावण्याची भीती असेल, तर धर्मगुरूची वाट पाहू नका. नर्स, बाप, आजी, कोणीही डोक्यावर पाणी ओतून पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने स्नानसंस्कार देऊ शकते. स्नानसंस्काराआधीच बाळ गेले, तरीही मला बोलवा. बिशपांच्या परवानगीने आपण त्याचा अंत्यविधी करू व त्याला देवाच्या दयेवर सोपवू.

८. ज्यांच्या हातून हे घडले आहे त्यांना

हा लेख वाचताना एखाद्या बहिणीने कागद बाजूला ठेवला असेल. कदाचित ही गोष्ट वीस वर्षांपूर्वीची असेल. कदाचित नवऱ्याने किंवा सासूने दवाखान्यात नेले असेल आणि तिला कोणी विचारलेही नसेल. पोप जॉन पॉल यांनी त्याच १९९५ च्या परिपत्रकात अशा स्त्रियांना उद्देशून लिहिले आहे, की त्यांनी आशा सोडू नये. पोप फ्रान्सिस यांनी नोव्हेंबर २०१६ मध्ये सर्व धर्मगुरूंना या पापाची क्षमा देण्याचा अधिकार कायमचा दिला. बिशपांकडे वेगळी परवानगी मागावी लागत नाही. शनिवारी संध्याकाळी या, किंवा ओळख नको असेल तर दुसऱ्या गावच्या धर्मगुरूंकडे जा. नेणाऱ्या पुरुषांनीही यावे, कारण त्यांचा वाटा लहान नाही.

चिंतनासाठी प्रश्न (कुटुंबात किंवा प्रार्थनासमूहात)

१) लूक १:२६–५६ वाचा. मरिया तीन महिने राहिली नसती, तर अलीशिबेला काय उणे पडले असते?

२) आपल्या गल्लीत अपंग मूल असलेले घर कोणते? आपण तिथे शेवटचे कधी गेलो होतो?

३) आपल्या मुलीवर असा प्रसंग आला, तर ती पहिल्यांदा आपल्याला सांगेल का? सांगणार नसेल, तर का?

पुढील रविवारी मिस्सानंतर तासभर सभागृहात बसू. प्रश्न बोलून विचारायचा नसेल, तर चिठ्ठी लिहून दानपेटीत टाका, नाव घालण्याची गरज नाही. या आठवड्याच्या रोझरीत दुसरे आनंदाचे रहस्य, मरियेची अलीशिबेला भेट, सर्व दोन जिवांच्या माउल्यांसाठी अर्पण करावे.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू